कर घटला, तिजोरी दूर गेली : कॅलिफोर्नियातील १९७८ चे करांविरुद्धचे बंड

१/ ६ जून १९७८ रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या मतदारांनी एका प्रस्तावावर थेट मतदान केले आणि राज्यातील मालमत्ता कराचे उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून खाली आणले. ‘प्रपोझिशन १३’ या नावाने तो प्रस्ताव इतिहासात ओळखला जातो. सुमारे ६५ टक्के मते त्याच्या बाजूने पडली. अमेरिकेतील आधुनिक कॉन्झर्व्हेटिव्ह राजकारणाचा उदय येथून झाला, असे अनेक अभ्यासक मानतात. ते खरेही आहे. परंतु त्याच दिवशी या विचारपरंपरेने आपले एक जुने आणि माझ्या मते अधिक मोलाचे तत्त्व स्वतःच्या हाताने गमावले. आजचा धागा त्याविषयी.

२/ प्रथम एका शब्दाचा खुलासा. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ला मराठीत आपण ‘पुराणमतवादी’ म्हणतो आणि लगेच डोळ्यांपुढे सोवळे-ओवळे उभे राहते. येथे प्रश्न सरकारी पैशाचा आहे, म्हणून मूळ शब्दच ठेवतो.

३/ कराविषयीच्या कॉन्झर्व्हेटिव्ह विचारात दोन वेगळी सूत्रे एकत्र वळलेली आहेत. पहिले सर्वांना ठाऊक असते : सरकारने कमी घ्यावे. दुसऱ्याकडे सहसा दुर्लक्ष होते : जे घ्यायचे ते जवळच्या सरकारने घ्यावे आणि जवळच खर्च करावे, म्हणजे देणाऱ्याला हिशेब मागता येतो. सुदूर वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या केंद्र सरकारच्या खर्चावर या मंडळींचा रोष असतो तो मुख्यतः या दुसऱ्या सूत्रापोटी.

४/ या सूत्राचे जुने उदाहरण १८८७ मधले. टेक्सासमध्ये दुष्काळ पडला होता. शेतकऱ्यांना बियाणे देण्यासाठी काँग्रेसने अवघे १०,००० डॉलर मंजूर केले. राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी ते विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठवले. अशी मदत शेजाऱ्यांनी आणि समाजाने करावी, केंद्राच्या तिजोरीने नव्हे, असे त्यांचे म्हणणे. (क्लीव्हलँड डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. आजच्या पक्षांची लेबले एकोणिसाव्या शतकावर चिकटवू नयेत, हे इतिहासप्रेमींना वेगळे सांगायला नको.) हा निर्णय मला कठोर वाटतो, पण त्यामागे एक सुसंगत विचार होता, हे मान्य करावे लागते.

५/ आता हे दुसरे सूत्र प्रमाण मानले, तर मालमत्ता कर हा अशा विचाराचा लाडका कर असायला हवा. १९७८ पूर्वी कॅलिफोर्नियात प्रत्येक शहर, प्रत्येक काउंटी आणि प्रत्येक शाळामंडळ आपापला दर ठरवत असे. पैसा गावातून येई आणि गावातल्या शाळेवर, वाचनालयावर, अग्निशमन दलावर खर्च होई. नागरिकाला राग आला तर तो संध्याकाळच्या बैठकीला जाऊन जाब विचारू शके. एवढा जवळचा कर दुसरा नाही. मग लोक याच करावर का तुटून पडले?

६/ याचे उत्तर एका लाचखोरीच्या प्रकरणात दडले आहे, आणि मला या साऱ्या इतिहासातला हा भाग सर्वांत बोधक वाटतो. मालमत्तेचे करासाठी मूल्य ठरवणारा अधिकारी म्हणजे ‘असेसर’. कॅलिफोर्नियात तो लोकांनी निवडून दिलेला असे. निवडून यायचे तर घरमालकांना दुखावून चालत नाही. म्हणून वर्षानुवर्षे राहत्या घरांचे मूल्य बाजारभावाच्या मानाने फार कमी लावले जाई आणि तूट व्यापारी मालमत्तांकडून भरून काढली जाई. कायद्यात हे कुठेही लिहिलेले नव्हते, पण ती चालत आलेली सवलत होती. १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे असेसर रसेल वोल्डन यांचे प्रकरण उघडकीस आले. पैसे घेऊन व्यापाऱ्यांचे मूल्यांकन कमी केल्याबद्दल ते पुढे दोषी ठरले.

७/ विधिमंडळाने जे करायला हवे तेच केले. १९६६ मध्ये कायदा झाला : सर्व मालमत्तांचे मूल्यांकन एकाच प्रमाणात, बाजारभावाच्या २५ टक्के. भ्रष्टाचार गेला. पण त्याबरोबर घरमालकांची ती अलिखित सवलतही गेली. पूर्वी असेसरची मर्जी घर आणि बाजारभाव यांच्यामध्ये उशीसारखी होती. आता बाजार हलला की बिल हलू लागले. म्हणजे करांविरुद्धच्या बंडाचे बीज एका प्रामाणिक सुधारणेने पेरले!

८/ आणि मग सत्तरच्या दशकात बाजार नुसता हलला नाही, उसळला. दक्षिण कॅलिफोर्नियातील अनेक वस्त्यांत घरांच्या किमती काही वर्षांतच दुप्पट झाल्या. घराची किंमत वाढली म्हणून घरात राहणाऱ्याच्या खिशात दमडी येत नाही. ती येते घर विकल्यावर. पण कर मात्र दरवर्षी रोख भरायचा. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्ध दांपत्याच्या हाती पूर्वीच्या दुप्पट बिल पडले, तर त्यांनी काय विकावे? ही भीती खरी होती. या बंडाला केवळ श्रीमंतांचा स्वार्थ म्हणून निकालात काढणाऱ्यांनी तिचा विचार केलेला नसतो.

९/ त्यात राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटो येथे, याच महागाईमुळे आयकर आणि विक्रीकर भरभरून येत होता. खजिन्यात सुमारे ५ अब्ज डॉलर शिल्लक साचली होती. तरुण गव्हर्नर जेरी ब्राउन स्वतः काटकसरी म्हणून प्रसिद्ध. लोक घर जाण्याच्या धास्तीत आणि सरकारकडे पैशाची रास! विधिमंडळ दिलाशाचे मसुदे करत बसले आणि त्यांवर एकमत होईना.

१०/ ही पोकळी भरली हॉवर्ड जार्विस यांनी. जन्म १९०३, युटा राज्यातला. एकेकाळी वृत्तपत्रांचे मालक, पुढे उद्योजक. मतदानाच्या वेळी वय पंचाहत्तरीला टेकलेले, आवाज कर्कश, भाषा रांगडी. पॉल गॅन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी बारा लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. विजयानंतर ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर ते झळकले. १९८० च्या ‘एअरप्लेन!’ या विनोदी चित्रपटात टॅक्सीत बसून राहिलेला, मीटर पळत असताना शांतपणे वाट पाहणारा जो प्रवासी दिसतो, तो हाच गृहस्थ. करदात्यांच्या पैशाचे मीटर थांबवणाऱ्याला ही भूमिका देणाऱ्याच्या कल्पकतेला दाद द्यावी लागेल.

११/ प्रस्तावातील कलमे थोडी, पण पक्की. मालमत्ता कराची कमाल मर्यादा १ टक्का. मूल्यांकन १९७५ च्या पातळीवर मागे नेले. त्यानंतर मालमत्ता विकली जाईपर्यंत मूल्यात वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढ. राज्याला कोणताही कर वाढवायचा तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत हवे. आणि हे सर्व राज्यघटनेत, म्हणजे साध्या कायद्याने बदलता न येणारे.

१२/ ब्राउन यांनी प्रस्तावाला कडाडून विरोध केला होता. निकाल लागताच त्यांनी असा पवित्रा बदलला की नोव्हेंबरमध्ये ते मोठ्या मताधिक्याने पुन्हा निवडून आले. साठलेली शिल्लक त्यांनी शहरांना आणि शाळांना वाटली. त्या उन्हाळ्यात अनेक ठिकाणी शाळांचे उन्हाळी वर्ग रद्द झाले, पण विरोधकांनी वर्तवलेला प्रलय आला नाही. समर्थक म्हणाले, पाहा, काही बिघडले का?

१३/ बिघडले होते, पण वेगळ्याच जागी. प्रस्तावात एक निरुपद्रवी वाटणारे कलम होते : हा १ टक्का कर काउंटीने गोळा करावा आणि त्याचे वाटप ‘कायद्यानुसार’ व्हावे. कायदा करते कोण? राज्याचे विधिमंडळ. म्हणजे शहराला आणि शाळामंडळाला आपला दर ठरवण्याचा अधिकार उरला नाही, आणि जमलेल्या पैशात कोणाचा वाटा किती हे सॅक्रामेंटो ठरवू लागले. १९९२ आणि १९९३ मध्ये राज्याचे अंदाजपत्रक तुटीत गेले, तेव्हा विधिमंडळाने शहरे आणि काउंट्या यांच्या मालमत्ता करातील अब्जावधी डॉलर शाळांच्या खात्यावर वळवले आणि शाळांवरचा राज्याचा खर्च तेवढा वाचवला. गावचा पैसा राज्याने उचलला, आणि ती वाट खुली केली होती ‘सरकारला वेसण घाला’ म्हणणाऱ्यांनी.

१४/ आणखी एक परिणाम. मालमत्ता कर आटल्यावर राज्य आयकरावर अधिकाधिक विसंबू लागले. त्यातही श्रीमंतांच्या शेअर बाजारातील नफ्यावर. बाजार चढला की खजिना ओसंडतो, पडला की रिकामा. जुलै २००९ मध्ये राज्यावर रोख पैशाऐवजी देणेकऱ्यांना वचनचिठ्ठ्या देण्याची पाळी आली. काटकसरीचा आणि स्थैर्याचा आग्रह धरणाऱ्या विचाराला हे चित्र कसे मानवावे?

१५/ आता शेजाऱ्यांची गोष्ट. स्टेफनी नॉर्डलिंगर यांनी १९८८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये १,७०,००० डॉलरना घर घेतले. तशाच घरांत पूर्वीपासून राहणाऱ्या काही शेजाऱ्यांच्या मानाने त्यांचा कर सुमारे पाचपट निघाला. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९२ मध्ये न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी ही व्यवस्था घटनेला धरून असल्याचा निर्णय दिला. सिलिकॉन व्हॅलीत अलीकडे घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना हा प्रकार परिचयाचा असेल : भिंतीला भिंत लागून घर, आणि बिलात जमीन-अस्मानाचे अंतर. मुंबईच्या पागडीच्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे तर्कशास्त्र नवे वाटणार नाही. जो आधी आला तो सुरक्षित. ओझे उशिरा येणाऱ्याचे, म्हणजे बहुतेकदा तरुणाचे.

१६/ आणि वॉशिंग्टन? येथे तर इतिहासाने थट्टाच केली. १९१३ पासून अमेरिकेत केंद्राचा आयकर मोजताना राज्याला आणि गावाला भरलेला कर उत्पन्नातून वजा करता येत असे. गावचा कर घटला की ही वजावट घटते, करपात्र उत्पन्न वाढते आणि केंद्राचा कर वाढतो. म्हणजे दूरच्या सरकारविरुद्धच्या रोषातून जी बचत झाली, तिचा एक भाग थेट दूरच्या सरकारकडे गेला.

१७/ बंडाची लाट मात्र पसरली. १९८० मध्ये मॅसॅच्युसेट्सने अशीच मर्यादा घातली, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर रोनाल्ड रेगन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. १९८१ मध्ये त्यांनी केंद्राचा आयकर मोठ्या प्रमाणात कमी केला. खर्च मात्र त्या प्रमाणात कमी झाला नाही. त्यांच्या आठ वर्षांत राष्ट्रीय कर्ज जवळजवळ तिप्पट झाले. १९८६ मध्ये केंद्राने गावांना थेट निधी देण्याची निक्सनकालीन योजनाही संपवली. केंद्राचे अंदाजपत्रक समतोल असावे, अशी घटनादुरुस्ती करण्यासाठी अधिवेशन बोलवा, असा ठराव १९८३ पर्यंत ३२ राज्यांनी केला. आवश्यक होती ३४. गाडी तेथेच अडली.

१८/ याला समर्थकांचे उत्तर आहे आणि ते ऐकण्याजोगे आहे. घर घेतानाच पुढील वीस वर्षांचा कर साधारण कळतो, हे सामान्य माणसाला मोठे आश्वासन आहे. दोन-तृतीयांशाची अट नसती तर विधिमंडळाने किती कर लादले असते, असाही त्यांचा सवाल असतो. मिल्टन फ्रीडमन यांनी या प्रस्तावाला पाठिंबा दिला तो याच भूमिकेतून : सरकार हाती येईल तेवढे खर्च करते, म्हणून हाती येणारेच कमी करा. पहिल्या सूत्रापुरता हा युक्तिवाद पक्का आहे. माझा आक्षेप असा की खर्च रोखण्याचे खरे साधन म्हणजे समोर बसून हिशेब मागणारा गावकरी, आणि त्याच्या हातातले साधनच या प्रस्तावाने काढून घेतले.

१९/ दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. विस्कॉन्सिनने १९६४ पासूनच गरीब वृद्धांसाठी उत्पन्नाशी जोडलेली मालमत्ता कराची सवलत सुरू केली होती. जेथे खरी अडचण, तेथेच मदत. खुद्द रेगन यांनी गव्हर्नर असताना १९७३ मध्ये राज्याच्या खर्चाला नागरिकांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा घालणारा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवला होता. तो पडला. त्या प्रस्तावाचा रोख राज्याच्या तिजोरीवर होता. पाच वर्षांनी कुऱ्हाड पडली ती गावाच्या तिजोरीवर. शिल्लक साठवली सॅक्रामेंटोने, शिक्षा मिळाली शाळामंडळाला.

२०/ २०२० मध्ये ‘प्रपोझिशन १५’ आले. घरांना हात न लावता केवळ मोठ्या व्यापारी मालमत्तांचे मूल्यांकन बाजारभावाने करावे, एवढीच त्याची मागणी. सुमारे ५२ टक्के मतदारांनी ती नाकारली. त्यामुळे १९७५ पूर्वी घेतलेल्या आणि मालकी न बदललेल्या एखाद्या कंपनीच्या जमिनीवरचा कर आजही त्या काळच्या मूल्यावर, वर्षाला फार तर २ टक्के वाढवत, मोजला जातो.

पुढील धागा कॅन्सासवर : २०१२ ची करकपात, आणि २०१७ मध्ये ती रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळानेच रिपब्लिकन गव्हर्नरचा नकाराधिकार मोडून मागे कशी घेतली, त्याविषयी.