दोष केवळ खातेदाराचाच?

पासवर्ड चोरीस गेला की पहिला उपदेश खातेदाराला होतो : "इतका सोपा शब्द कशाला ठेवलात?" उपदेश खोटा नाही, पण अर्धाच आहे.

शहाणी संस्था आपला पासवर्ड जसाच्या तसा नोंदवीत नाही. गणिती रीतीने त्याचा एक ठसा काढते आणि तोच जपते. यालाच हॅश म्हणतात. ठशावरून मूळ शब्द उलटा काढता येत नाही. मग चोर काय करतो? तो उलटा जातच नाही! लोक हमखास ठेवतात अशा शब्दांची यादी घेतो, एकेकाचा हॅश काढतो आणि चोरलेल्या नोंदींशी ताळा पाहतो. ताळा जमला की शब्द सापडला. हे काम यंत्र करते, त्यामुळे त्याला कंटाळा नाही.

या याद्या केवळ शब्दकोशातून येत नाहीत. २००९ साली रॉकयू या अमेरिकी कंपनीकडील सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीस गेले. या महाभागांनी ते उघडेच ठेवले होते! त्यांत सर्वांत लाडका होता १२३४५६. तीच यादी पुढे इतरांची कुलपे उघडायला कामी आली. तेव्हा 'माझा शब्द मराठी किंवा कन्नड आहे, परक्याला काय कळणार?' हे आम्हां बेळगावकरांचे समाधान फोल आहे. यादीला अर्थ कळावा लागत नाही.

पण संस्थेचे काय? २०१२ साली लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर पडले. रीत झटपट हॅश काढणारी, आणि त्यात 'सॉल्ट' नाही. सॉल्ट म्हणजे प्रत्येक खात्याच्या शब्दात मिसळलेली वेगळी अक्षरे. ती असली तर चोराला प्रत्येक खात्यासाठी यादी नव्याने घोटावी लागते. नसली तर एका हॅशचा ताळा लाखो खात्यांशी एकदम पाहता येतो. हा उपाय काही नवा नव्हता. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी तो १९७९ सालीच लिहून ठेवला होता. त्यांनी तपासलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी २,८३१ सहज सापडण्याजोगे निघाले. म्हणजे माणूस सोपा शब्द ठेवणार, हे तेव्हापासून ठाऊक आहे. मुद्दाम सावकाश चालणारी बीक्रिप्ट ही रीतही १९९९ पासून उपलब्ध आहे.

वाणिज्य शाखेत आम्हांला शिकवतात की तिजोरी उघडी टाकणाऱ्या रोखपालाला लेखापरीक्षक जाब विचारतो, ठेवीदाराला नव्हे. मग पासवर्ड मागणाऱ्या प्रत्येक संस्थेने, आमच्या महाविद्यालयानेसुद्धा, ते कोणत्या रीतीने जपले जातात हे वार्षिक अहवालात एका ओळीत छापावे. शुल्काचा तक्ता छापतातच की!