दहा टक्क्यांची अट

घरगुती क्लास डी अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजारात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३२५५ ही चिप जिकडेतिकडे दिसते. तळहाताएवढ्या काळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यांत ती बसवलेली असते. तिच्या माहितीपत्रकात ठळकपणे ताकद दिली आहे: ४ ओहमच्या स्पीकरला दर चॅनेलमागे ३१५ वॉट. त्याच ओळीत अटही आहे. १० टक्के डिस्टॉर्शन धरून. चिपचा अ‍ॅम्प्लिफायर होऊन तो खोक्यात भरला जाईपर्यंत आकडा तसाच राहतो. अट तेवढी गळालेली असते.

१० टक्के ही किरकोळ सूट नव्हे. गायकाने लावलेल्या सुराच्या दहाव्या हिश्शाइतके, त्याने न लावलेले सूर त्यात मिसळतात. अ‍ॅम्प्लिफायरला मिळणारा व्होल्टेज संपतो, लहरींचे माथे सपाट कापले जातात आणि ऐकणारा म्हणतो, आवाज फाटला. विक्रीसाठी पुढे केलेला आकडा हा असा फाटलेल्या आवाजाचा आहे.

फाटण्याच्या उंबरठ्यावरचा, म्हणजे १ टक्का डिस्टॉर्शनचा आकडाही ही कंपनी देते. तो आहे २६० वॉट. फरक ५५ वॉटचा. कागदावर तो भरभक्कम दिसतो, पण कानाला वॉट ऐकू येत नाहीत. कानाच्या हिशेबात हा फरक एक डेसिबलसुद्धा भरत नाही. गाणे चालू असताना एवढी वाढ बहुतेकांच्या लक्षातही येणार नाही. जे ऐकूच येत नाही त्यासाठी जे हमखास ऐकू येते ते दहापट वाढवायचे, असा हा व्यवहार आहे. त्यात श्रोत्याला काहीच मिळत नाही.

खरे नवल पुढेच आहे. याच चिपचे १ वॉटवरचे डिस्टॉर्शन ०.००६ टक्के इतके नगण्य आहे. आवाज फाटायला लागेपर्यंत ते ०.०१ टक्क्याच्या आत राहते, असे तेच माहितीपत्रक सांगते. म्हणजे हे यंत्र जवळपास सगळ्या पल्ल्यात स्वच्छ आहे. अस्वच्छ आहे ते अगदी शेवटच्या टोकाला. जाहिरातीसाठी निवडले गेले ते नेमके तेच टोक.

आता त्या डब्यासोबतचा अ‍ॅडॉप्टर उलटून पाहा. अनेकदा त्यावर ३२ व्होल्ट, ५ अँपिअर असे छापलेले असते. गुणाकार १६० वॉट, तोही दोन्ही चॅनेल मिळून. खोक्यावर मात्र ३०० अधिक ३००. चिपचा मूळ आकडा पन्नास व्होल्टच्या वरच्या पुरवठ्यावरचा. तो ३२ व्होल्टवर कसा मिळणार? ८ ओहमच्या स्पीकरला या अ‍ॅडॉप्टरवर, न फाटता, फार तर ६४ वॉट मिळतील. आतले कपॅसिटर क्षणभर जास्तीचा करंट पुरवतात, हे खरे. व्होल्टेज ते वाढवू शकत नाहीत.

घरात ऐकताना सरासरी ताकद एखाद-दोन वॉटची लागते. तबल्यावर थाप पडते किंवा तान तार सप्तकात चढते तेव्हा त्या क्षणापुरती ती अनेक पटींनी वाढते. अ‍ॅम्प्लिफायर कमी पडतो तो अशाच क्षणी. ३०० वॉट आहेत या भरवशावर माणूस आवाज वाढवत जातो, माथे कापले जातात आणि निकाल लागतो: क्लास डी कोरडा, क्लास डी कर्कश. दोष सर्किटच्या जातीवर ढकलला जातो. अ‍ॅडॉप्टरकडे कोणी पाहत नाही.

क्लास डीमध्ये दोष नाहीत असे नाही. वीज अतिवेगाने चालू-बंद करण्याची, म्हणजे स्विचिंगची, कुरकुर गाळायला शेवटी कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर लागतो. बाहेर पडणाऱ्या सिग्नलवरून चूक सुधारणारा फीडबॅक या फिल्टरच्या आधीच घेतला असेल, तर स्पीकर बदलला की वरच्या पट्टीतला आवाजही थोडा बदलतो. एकाला धार येते, दुसरा मंद होतो. स्वस्त डब्यांत हे सर्रास आढळते. ते टाळता येते. फिलिप्समध्ये असताना अभियंता ब्रूनो पुट्झेयस यांनी फिल्टरनंतर फीडबॅक घेणारी रचना केली. पुढे हायपेक्स आणि प्युरिफाय या कंपन्यांच्या मॉड्यूलमध्ये तोच विचार इतका पुढे गेला, की तिथले डिस्टॉर्शन मोजताना मोजणाऱ्या यंत्राचीच कसोटी लागते. आवाजावर परिणाम करणारी ही खरी बाब. खोक्यावर तिच्याबद्दल एक अक्षर नसते.

अमेरिकेत अ‍ॅम्प्लिफायरची ताकद कशी सांगायची याचा नियम १९७४पासून आहे. वाटेल त्या अटींवर वाटेल तेवढे वॉट छापण्याच्या प्रकाराला वैतागूनच तो आला. २०२४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तो आणखी आवळला: ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झचा पूर्ण पल्ला आणि डिस्टॉर्शन १ टक्क्याच्या आत. पन्नास वर्षांनंतरही नियमाला धार लावावी लागते, यावरून या सवयीचा चिवटपणा कळावा. आपल्याकडे टेपरेकॉर्डर आणि म्युझिक सिस्टिमवर पीएमपीओचे, म्हणजे क्षणिक कमाल ताकदीचे, हजारोंचे आकडे मिरवले गेले. ते स्टिकर आज हास्यास्पद वाटतात. १० टक्क्यांवरचे वॉट हे त्यांचेच सभ्य भावंड आहे.

‘यात फसवणूक कसली, अट माहितीपत्रकात छापलेलीच आहे,’ असे उत्तर यावर ठरलेले असते. माहितीपत्रक इंजिनिअर वाचतो. ग्राहक खोके वाचतो. शिवाय एकाने १० टक्क्यांचा आकडा छापला की दुसऱ्याला १ टक्क्याचा छापणे परवडत नाही, कारण शेजारी ठेवल्यावर प्रामाणिक डबा दुबळा दिसतो. अशा स्पर्धेत उत्तम यंत्र बनवणाराही आपल्या यंत्राची सर्वांत वाईट बाजू पुढे करून ते विकतो.

मागणी छोटी आहे. ८ ओहम, १ टक्का, दोन्ही चॅनेल एकदम, सोबत दिलेल्याच अ‍ॅडॉप्टरवर. एवढी एक ओळ छापायला कुठल्याही खोक्यावर जागा असते. ती छापली, तर ३०० वॉटचा डबा साठीच्या आसपास येईल. दिवाणखान्याला साठ वॉट भरपूर होतात. ते गिऱ्हाइकाला कमी वाटतील ही धास्ती विक्रेत्याची आहे, आणि तिच्यापायी क्लास डीचा आवाज फुकट बदनाम होतो आहे.