भिरुडाला कुंपण नाही

पेण व रोहा तालुक्यांतील आंबाबागांत, पावसाळा सरत असताना एखाद्या कलमाच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला, की जाणत्या बागायतदाराच्या मनात पाल चुकचुकते. झाडाला भिरूड लागल्याची ती खूण असते. तुडतुड्याने वा भुरीने मोहोर गेला तर एक हंगाम बुडतो. भिरूड झाडच नेते. व्याज बुडणे आणि मुद्दल बुडणे यांत जो फरक, तोच येथे आहे.

या खोडकिड्याचा भुंगेरा करड्या रंगाचा, लांब मिशांचा, सुमारे दोन इंच लांबीचा असतो. पावसाळ्यात मादी सालीच्या फटींत वा जखमांत अंडी घालते. अळी साल पोखरीत लाकडात शिरते व महिनोन् महिने आत बोगदे करीत राहते. पाने पिवळी पडतात, फांद्या वाळतात आणि वेळीच लक्ष न दिल्यास उभे झाड मरते. इलाज मात्र अवघड नाही. तारेच्या आकड्याने अळी ओढून काढावी, छिद्रात शिफारस केलेले कीटकनाशक सोडून ते चिखलाने लिंपावे, पार पोखरलेली फांदी तोडून जाळावी. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून कोकणात आहे. तेव्हा उणीव ज्ञानाची आहे, असे म्हणता येणार नाही.

मग अडते कोठे? अनेक बागांचे मालक मुंबई-ठाण्यास असतात. काही जमिनी तर केवळ भाव चढण्याची वाट पाहत पडून आहेत. जमिनीची किंमत तीवरील आंब्यावर ठरत नसेल, तर झाडांवर मजुरी खर्च न करण्याचा मालकाचा हिशेब त्याच्यापुरता बरोबरच असतो. परंतु त्याच्या दुर्लक्षित झाडांत वाढलेला भुंगेरा गडगा ओलांडून शेजारच्या बागेत जातो. खर्च वाचतो एकाचा आणि तोटा सोसतो दुसरा. अशा ठिकाणी बाजार आपोआप मार्ग काढीत नाही. सामुदायिक व्यवस्थाच लागते.

शासनाची दृष्टी आजवर लागवडीवर राहिली आहे. १९९० मध्ये फळबाग लागवडीची रोजगार हमीशी सांगड घालण्यात आली आणि कोकणच्या वरकस जमिनीवर कलमे उभी राहिली, हे श्रेय नाकारता येत नाही. पण लावलेले झाड पुढे चाळीस वर्षे जगवायचे कोणी? फळपीक विमा हवामानाच्या निकषांवर बेतलेला असल्याने भिरुडाचा बळी त्यात बसत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळासारख्या आपत्तीत उन्मळलेले झाड पंचनाम्यात मोजले जाते. मोडक्या फांद्यांनिशी उभ्या राहिलेल्या झाडाची जखम, जी भिरुडाला आयतीच जागा ठरते, ती कोण मोजणार?

खोडात दडलेला शत्रू उशिरा दिसतो. अमेरिकेत मिशिगन राज्यात २००२ मध्ये ॲश वृक्ष पोखरणारा आशियाई भुंगेरा ओळखला गेला, तोपर्यंत तो काही वर्षे तेथे मुरलेला होता. पुढे कोट्यवधी झाडे गेली. १९९७-९८ मध्ये मध्य प्रदेशातील मंडला भागात सालवनांवर खोडकिड्याची साथ आली, तेव्हा लाखो झाडे तोडावी लागली आणि भुंगेरे गोळा करणाऱ्या आदिवासींना मोबदला द्यावा लागला. मजुरी शेवटी द्यावीच लागते. ती झाडे जाण्यापूर्वी द्यायची की नंतर, एवढाच प्रश्न असतो.

म्हणून पावसाळा सरताना ग्रामपंचायतीने प्रशिक्षित मजुरांकरवी गावातील प्रत्येक बाग, पडीक बागसुद्धा, तपासून घ्यावी आणि खर्च मालकांकडून वसूल करावा. लहान शेतकऱ्याचा भार शासनाने उचलावा. हा खाजगी मालकीत हस्तक्षेप आहे, असा आक्षेप येईल. पण डेंग्यूच्या डासांसाठी घरोघरची पाण्याची भांडी तपासली जातात, तेव्हा असा आक्षेप कोणी घेत नाही. बुंध्याशी वाकून भुसा शोधणाऱ्या मजुराची चार दिवसांची मजुरी गावाच्या अंदाजपत्रकात यावी. नव्या लागवडीचे आकडे त्यानंतर मोजावेत.