मोर्स कोडमधली मुलाखत

१० मार्च २०२० रोजी चीनच्या ‘रेनवू’ मासिकानं डॉ. आय फेन यांची मुलाखत प्रसिद्ध केली. या बाई तेव्हा वुहान सेंट्रल हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागाच्या प्रमुख होत्या. डिसेंबर २०१९ च्या अखेरीस एका रुग्णाच्या अहवालातल्या ‘सार्स’ या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढून त्यांनी तो ओळखीच्या डॉक्टरांना पाठवला होता आणि त्यापायी वरिष्ठांची बोलणी खाल्ली होती. मुलाखत काही तासांत इंटरनेटवरून गायब झाली. मग लोक इरेला पेटले. कुणी ती उलट्या क्रमानं लिहिली, कुणी मोर्स कोडमध्ये, कुणी ब्रेलमध्ये, कुणी निव्वळ इमोजींत. एकानं तर हाडांवर कोरलेल्या, ३,००० वर्षांहून जुन्या लिपीत!

ही हकिकत ऐकून आपण खूश होतो. मीही झालो. पण मोर्समधल्या मुलाखतीवर वाद कसा घालायचा? ‘बाकी ठीक, पण तुमचा हा मुद्दा पटला नाही’ हे ब्रेलमध्ये कोण कळवत बसणार? तिआनमेन चौकातल्या १९८९ च्या हत्याकांडाची ४ जून ही तारीख चीनमध्ये लिहिता येत नाही, म्हणून लोक ‘३५ मे’ लिहितात. माहीत असलेल्याला ते बरोबर समजतं. पण ज्या विशीतल्या पोराला घरी कुणी काही सांगितलेलंच नाही, त्याच्या लेखी ती चुकीची तारीख. सेन्सॉरच्या डोळ्यांत धूळ फेकताना नवख्याच्याही डोळ्यांत जाते. आणि राजकीय चर्चेत तर नवखाच हवा असतो.

शिवाय सेन्सॉर दर वेळी सरकारी कचेरीतच बसलेला असतो असं नाही. २०१७ पासून चीनमध्ये चॅट ग्रुपमधल्या मजकुराची जबाबदारी ग्रुप काढणाऱ्यावर आहे. म्हणजे आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणा काकांनी काहीबाही फॉरवर्ड केलं, तर जाब अ‍ॅडमिनला. तो बिचारा काकांना आधीच गप्प करणार. सरकारला बोटही हलवावं लागत नाही. २०२२ पासून वेइबो या चिनी समाजमाध्यमावर लिहिणाऱ्याचा प्रांत दिसतो, बाहेरचा असेल तर देश. आता मुद्दा वाचण्याआधी लोक ती ओळ वाचतात आणि ‘परदेशात बसून शहाणपणा शिकवतोय’ म्हणून मोकळे होतात.

सरळ बोलणं झालं ते फेब्रुवारी २०२१ मध्ये, क्लबहाउस या आवाजी गप्पांच्या अ‍ॅपवर. ते अ‍ॅप तेव्हा फक्त आयफोनवर चालायचं, आमंत्रणाशिवाय प्रवेश नाही. त्यामुळे तिथे जमलेला चीन खाऊनपिऊन सुखीच होता, हे मान्य. तरी मुख्य भूमीतले, तैवानी, हाँगकाँगचे आणि उइगूर एकाच खोलीत शिरले आणि उइगुरांना डांबलेल्या शिनजियांगमधल्या छावण्यांबद्दल चिनी भाषेत, तोंडानं बोलले. कुणाला ते खरं वाटेना, कुणाला रडू फुटलं. सांकेतिक काही नाही, शंकासुद्धा उघड. ८ फेब्रुवारीच्या संध्याकाळी चीनमध्ये अ‍ॅप बंद पडलं. व्हीपीएनवाले त्यानंतरही येत राहिले, पण बिचकत. खातं उघडताना प्रत्येकानं आपला मोबाइल नंबर दिलेला होता, आणि चीनमध्ये सिमकार्ड ओळखपत्राशिवाय मिळत नाही.