धुऱ्यावरचं झाड नेमकं कोणाचं?

काल एका ग्रुपवर मेसेज फिरत होता : शेतकऱ्यांना पर्यावरणाचं भान नाही, बांधावरची झाडं तोडतात. पाठवणारे पुण्याचे, माणूस भला आहे, म्हणून तिथे गप्प बसलो. इथे बोलतो.

यवतमाळ जिल्ह्यात आमची शेती. आजोबांनी धुऱ्यावर (आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात) सागाची अकरा झाडं राखली. लावली नव्हती, आपोआप उगवलेली रोपं डवऱ्यातून वाचवली होती. वडिलांच्या ऑपरेशनला पैसे हवे होते तेव्हा ती विकायची ठरवली. शेत आमचं, सातबारा आमचा. पण साग पडला अनुसूचित वृक्ष. राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात बसतो, परवानगीशिवाय कुऱ्हाड लावायची नाही. तोडल्यावर वाहतुकीचा पास वेगळा. एक साहेब रजेवर, दुसरे दौऱ्यावर, मग झाडं धुऱ्याच्या अलीकडे की पलीकडे यावर पुन्हा मोजणी. ऑपरेशन थोडंच थांबणार? शेवटी उभी झाडं ठेकेदाराला दिली. "कागदपत्रं माझ्याकडे लागली" म्हणाला आणि वाटेल तो भाव दिला. आता धुऱ्यावर सागाचं रोप दिसलं की वडील ते बोटभर असतानाच उपटतात. त्यांना कोणत्या तोंडाने अडवू?

संशोधन कमी झालं असंही नाही. वनशेतीचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प १९८३ पासून चालू आहे, झाशीला स्वतंत्र संस्था आहे. कोणत्या झाडाखाली कोणतं पीक, किती अंतर, फांद्या कधी छाटायच्या, सगळ्यावर काम झालंय. २०१४ मध्ये राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण आलं, असं धोरण करणारा भारत जगातला पहिला देश. तोडणी-वाहतुकीचे नियम सोपे करा, हे त्या धोरणातच लिहिलंय! आणि २०२४ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून मोजलं, तर २०१८ ते २०२२ या काळात भारतातल्या शेतांमधली ५० लाखांहून जास्त मोठी झाडं गायब.

सगळा दोष कायद्याचा नाही, हेही मान्य. निंबाच्या सावलीत कपाशीची दोन-तीन तासं मार खातात, दोन एकरवाल्याला ते परवडत नाही. शेजाऱ्याशी भांडण होतं ते वेगळंच. पण हा तोटा माणूस सोसतो, जर पुढे झाड आपल्या कामी येणार असेल तर.

आफ्रिकेतल्या नायजर देशाचं बघा. तिथे वसाहतीच्या काळापासून झाड सरकारचं मानलं जायचं, त्यामुळे शेतकरी ते राखत नव्हता. १९८० च्या दशकात अंमलबजावणी सैल झाली, लोकांना झाड आपलं वाटू लागलं. मग त्यांनी जुन्या खुंटांना फुटलेले धुमारे नुसते राखले. सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परत आली. रोपवाटिका नाही, फीत कापणं नाही, मंत्र्यांचा सेल्फी तर नाहीच.

आपल्याकडे २०१७ मध्ये वनाबाहेरचा बांबू केंद्रीय कायद्यातल्या 'वृक्षा'च्या व्याख्येतून काढला, तेव्हा काही आभाळ कोसळलं नाही. जून २०२५ मध्ये केंद्राने शेतातल्या झाडांसाठी आदर्श नियम राज्यांना पाठवले. त्यात पोर्टलवर नोंदणी आहे, जिओटॅग केलेले फोटो आहेत. ज्याने पाच एकरांत रांगेने लागवड केली, त्याला ते जमेल. धुऱ्यावर आपोआप उगवलेल्या अकरा सागांचं काय? माझं म्हणणं एवढंच : तलाठ्याने पीकपाहणीत झाड नोंदवलं की तीच मालकी धरा, आणि तोडणीचा अर्ज ठरावीक दिवसांत निकाली निघाला नाही तर परवानगी मिळाली असं समजा.

पुण्याच्या त्या साहेबांना ही पोस्ट पाठवतोय. यंदाही पावसानंतर धुऱ्यावर सागाची चार रोपं उगवलीत. वडिलांना अजून दिसलेली नाहीत.