पडदा कोण ओढतं?

बालमित्रांनो,

शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही नाटकात काम केलं असेलच. कुणी राजा झाला असेल, कुणी नुसतंच झाड! पण एक सांगा, तुमच्या नाटकाचा पडदा कोण ओढतं? विचार करून ठेवा. शेवटी मी पुन्हा विचारणार आहे.

पुण्यात पावसाळा आला, की कॉलेजच्या मुलामुलींना एकच वेड लागतं. पुरुषोत्तम करंडकाचं! ‘महाराष्ट्रीय कलोपासक’ या संस्थेने १९६३ साली सुरू केलेली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा. संस्थेचे पुरुषोत्तम वझे, म्हणजे सगळ्यांचे आप्पासाहेब, यांच्या नावाचा हा करंडक. सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात प्रयोग होतात. पडदा उघडण्याआधी “अरे, आवाज कुणाचा?” अशी आरोळी उठते आणि अख्खं थिएटर आपापल्या कॉलेजचं नाव घेऊन दणाणून जातं. डॉ. जब्बार पटेल, सुबोध भावे अशी किती तरी मंडळी कॉलेजात असताना याच स्पर्धेत उतरली होती.

आता एक कोडं. कॉलेजातली मुलं तीन-चार वर्षांत शिकून बाहेर पडतात. म्हणजे दर तीन-चार वर्षांनी सगळाच्या सगळा संघ नवा! मग साठ वर्षांहून जुनी ही परंपरा टिकली कशी?

याचं उत्तर मला माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीने दिलं. चौथीत माझ्या वर्गात होती. आता पुण्यात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या पावसाळ्यात ती मला तालीम बघायला घेऊन गेली. मला वाटलं, बाईसाहेब मुख्य भूमिकेत असणार! बघते तर काय, ही एका कोपऱ्यात पहिल्या वर्षाच्या मुलाला खुर्ची उचलायला शिकवत होती.

“खुर्ची उचलायला काय शिकायचं गं?” मी विचारलं.

ती हसली. “बाई, रंगमंचावर मिट्ट काळोख होतो, तेवढ्यात खुर्ची ठेवून परत यायचं असतं. धडपडलं की संपलं! म्हणून काळोख व्हायच्या आधी विंगेत थोडा वेळ डोळे मिटून उभं राहायचं. मग अंधारात दिसायला लागतं. पावलं मोजायची, खुणेची पट्टी शोधायची. पहिल्या वर्षी मी एवढंच काम केलं. मला एका सिनिअर दादाने शिकवलं, त्याला त्याच्या ताईने. आता पुढच्या वर्षी मी नसणार, म्हणून याला शिकवतेय.”

बघा, सुटलं की नाही कोडं? ही युक्ती कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. मधला एक हात सुटला, की साखळी तुटलीच!

कोरोनाच्या काळात, २०२० साली, कॉलेजं आणि नाट्यगृहं बंद पडली तेव्हा हीच भीती होती. जाणारे निघून गेले, तर येणाऱ्यांना शिकवणार कोण? पण मुलं पुन्हा जमली, पुन्हा तालमी रंगल्या. २०२२ साली तर परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही! किती हिरमोड झाला असेल! तरी पुढच्या वर्षी मुलं पुन्हा त्याच रंगमंचावर उभी राहिली.

निघताना तिने मला सहज विचारलं, “बाई, आपल्या शाळेत अजून पडदा तुम्हीच ओढता?”

मी गप्प झाले. कारण खरंच, इतकी वर्षं पडदा मीच ओढत होते. खुर्च्या मीच मांडायची, मुकुट मीच सांभाळायची. मुलांकडून चूक होईल म्हणून! त्यामुळे चौथीची मुलं दरवर्षी संवाद पाठ करून गेली, पण तिसरीच्या मुलांना देण्यासारखं त्यांच्या हाती मी काही ठेवलंच नव्हतं.

यंदा मी दोरी चौथीतल्या एका मुलाकडे दिली. पडदा मध्येच अडकला. राजाचा अर्धा मुकुट आत, अर्धा बाहेर! सगळे खो-खो हसले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी पाहिलं, तोच मुलगा तिसरीच्या दोघांना दोरी कशी धरायची ते दाखवत होता. “झटका द्यायचा नाय. हळूहळू ओढायची.” मी काही न बोलता पुढे गेले.

तर दोस्तांनो, या आठवड्यात एक काम करा. तुम्हाला येणारी एखादी गोष्ट तुमच्याहून लहान असलेल्या कुणाला तरी शिकवा. रांगोळीचे ठिपके असोत, लेझीमचा ठेका असो, नाही तर सायकलची पडलेली चेन बसवणं असो. आणि आई-बाबांनो, मुलं चुकली तर थोडा धीर धरा. दोरी लगेच आपल्या हातात घेऊ नका.

हं, आता सांगा बरं. तुमच्या शाळेत पडदा कोण ओढतं? आणि पुढच्या वर्षी कोण ओढणार?

तुमच्या,
बाई