म्हशीचा हिशेब कोण देणार?

जानेवारी 2020 मध्ये सत्तरी तालुक्यातील गोळावली येथे, म्हादई अभयारण्यात, एक वाघीण आणि तिचे तीन बच्चे मेलेले सापडले. वाघाने मारलेल्या गुराच्या मढ्यात विष घातल्याच्या संशयावरून तिथल्याच पशुपालकांना अटक झाली. पुढे बरेच दिवस गोव्यात दोन सूर ऐकू येत होते. एक म्हणे, गुराखी क्रूर. दुसरा म्हणे, वाघ आपले नव्हेतच, ते बाहेरून येतात. आम्हांला दोन्ही पटत नाहीत.

सह्याद्रीत गुरे राखणाऱ्यांनीच वाघाला देव केले. त्याचे दगड रानात पुजले, वाघबारस पाळली. शहरातल्या आपल्यापैकी किती जणांनी वाघाच्या शेजारी एक रात्र काढली आहे? तेव्हा त्यांना वाघाचे महत्त्व शिकवायला जाण्याआधी, त्यांचा राग कुठून येतो ते समजून घ्यायला हवे.

दुभती म्हैस गेली की त्या घरचे रोजचे दूध जाते, दुधाचे पैसे थांबतात, मागे राहिलेले रेडकूही जगेल याची खात्री नसते. सरकारी भरपाई आहे. पण त्यासाठी मढे जागेवर ठेवून वनखात्याला कळवायचे, पंचनामा करवून घ्यायचा, पशुवैद्यकाचा दाखला मिळवायचा, अर्ज लिहायचा. रस्ता नसलेल्या वाड्यावरून हे सारे करायचे म्हणजे मजुरीचे दिवस बुडवायचे. वाघ साऱ्या देशाचा आणि त्याचा खर्च मात्र एका गोठ्याचा, हा हिशेब आम्हांला तरी न्यायाचा वाटत नाही.

विषाचे समर्थन आम्ही मुळीच करीत नाही. वाघ आपल्या सावजाकडे पुन्हा येतो, वाघीण पिल्लांनाही आणते. विष गुन्हेगार वाघ निवडून मारत नाही. कोल्हे, घारी, वाड्यावरची कुत्री, सगळी त्यात जातात.

उपाय दूरचे नाहीत. शेजारच्या कर्नाटकात बंडीपूर आणि नागरहोळे परिसरात ‘वाइल्ड सेवे’ हा उपक्रम 2015 पासून चालू झाला. शेतकऱ्याने फोन करायचा. कार्यकर्ते येऊन छायाचित्रे, कागद, अर्ज यांत मदत करतात. भरपाई सरकारच देते, हे लोक फक्त ती वाट सोपी करतात. हिमाचलमधील स्पितीत किब्बर गावच्या लोकांनी हिमबिबट्याने मारलेल्या जनावरांसाठी गावाचीच विमा योजना चालवली.

24 जुलै 2023 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र राखीव क्षेत्र जाहीर करण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. क्षेत्राची रेघ कुठूनही जावो, गोठा आणि वाघ शेजारीच राहणार.

पालकहो, वाड्यांवरून येणारी मुले आपल्याच वर्गांत बसतात. त्यांच्यासमोर ‘वाघ मारणारे लोक’ असे शब्द घरी वा शाळेत निघू नयेत. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना अर्जलेखन शिकवतोच. त्यात एक अर्ज जनावराच्या भरपाईचा असावा. विश्वस्तांना आमची विनंती एवढीच, की वनखात्याकडून कोरे अर्ज मागवून शाळेच्या कार्यालयात ठेवावेत आणि शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर एका शिक्षकाने ते भरून देण्यास बसावे. पहिल्या शनिवारी बसायला आमच्यापैकी दोघे तयार आहेत.